नैवेद्याआधीचं मीठ

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तेच. सकाळी हे चूळ भरायला उठले आणि मोरीतच उलटी. काल रात्रीची वालाची उसळ. दाणे ओळखू येत होते, भाकरीचे तुकडेसुद्धा. रात्रभर पोटात राहून त्यांचं काही झालंच नव्हतं. मी पाणी ओतता ओतता बोलले, "अहो, दात कशाला दिलेत देवानं? चावून खा की जरा." हे म्हणाले, "चावलं व्हतं गं." आणि भिंतीला टेकून खाली बसले.

दिवाळीपासून चाललंय हे. आधी कधीतरी व्हायचं, आता दर दोन-तीन दिवसांनी.

मी अंगणवाडीत होते तेव्हा कुठल्या पोरानं काय ओकलं हेही लिहून ठेवायचे. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. आता नवऱ्याचं लिहितेय. काय बाई नशीब.

२१ नोव्हेंबर

मेथ्या वाढवल्या. आधी चमचाभर भिजवत होते, आता वाटीत मावतील तेवढ्या. सकाळी फुगून गिळगिळीत होतात. तशाच खायला लावते, वर ते पाणी. दुपारी शेवग्याचा पाला, सालीचे मूग, नाचणीची भाकरी. साखरेला चांगलं. आमच्या अवसरीत कुणालाही विचारा, साखरवाल्याला हेच सांगतील. ह्यांना कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागते, ती तरी कमी होईल.

हे दोन घास खातात आणि ताट सरकवतात. "पोट भरलंय."

कशानं भरलंय?

"सकाळपास्नं भरलेलंच हाय."

पट्ट्याला आज नवं भोक पाडलं, खिळा तापवून. म्हणाले, "आचारी वाळला तर लोकं म्हणतील, ह्याच्या हातचं खावं का न्हाई." स्वतःच हसले. मला नाही आलं हसू.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

सागर आणि पूजा चाकणहून आले. लग्नानंतर सुनेची पहिलीच चंपाषष्ठी. आमच्यात नैवेद्याचं भरीत घरातही हेच करतात, मला हात लावू देत नाहीत. पूजा चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, मीठ चाखून तरी बघा."

झालं. ह्यांना कुणीतरी विचारायचीच वाट असते.

"देवाच्या आधी जीभ लावायची न्हाई, पोरी. माझ्या बापानं कधी लावली न्हाई, मी लावली न्हाई. अख्ख्या गावची आमटी आसू दे, काहिलीत बोट घालायचं न्हाई. नुसता वास घ्यायचा. मीठ बरोबर पडलं का तोंडाला आपसूक पाणी सुटतं अन् पोट गुरगुरतं. त्यो आपला तराजू."

"आणि पोट भरलेलं असलं तर?"

"भरल्या पोटी चुलाणापाशी जायचंच न्हाई."

तळी भरली, नैवेद्य दाखवला, जेवायला बसलो. भरीत आळणी. नुसतं वांगं आणि कांद्याची पात. सागरनं माझ्याकडं बघितलं, मी डोळ्यांनीच गप्प केलं त्याला. पूजा बिचारी म्हणाली, छान झालंय. ह्यांनी एक घास घेतला, थांबले, उठून मिठाची वाटी आणली आणि प्रत्येकाच्या ताटात चिमूटभर वाढली.

लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांच्या हातचं आळणी खाल्लेलं आठवत नाही मला.

३० नोव्हेंबर, रविवार

राजुरीला लग्नाचं जेवण होतं. हे पहाटेच स्वैपाकाला गेले, बबनच्या टेम्पोतून. बबन म्हणजे ह्यांचा उजवा हात. काहील उचलण्यापासून शिव्या खाण्यापर्यंत सगळं तोच करतो. दुपारी त्याचा फोन. "वहिनी, घाबरू नका." असं म्हटलं की माणूस घाबरतोच.

"तात्या जेवले, जरा टेकले, अन् मग येड्यागत कराया लागले. घामानं निथळत व्हते. मला म्हणत्यात, तू कोण रं? मासवडीचा रस्सा मातीत वतत व्हते, धरलं म्हणून वाचला."

साखर पडली होती. वऱ्हाडात कुणा शहाण्यानं ओळखलं, साखरपाणी पाजलं. लवकर काही उतरेना म्हणे. बऱ्याच वेळानं ताळ्यावर आले.

उपाशी राहिलं की साखर पडते, एवढं मला कळतं. जेवून तासाभरात कशी पडेल? म्हणजे जेवलेच नाहीत. आल्या आल्या धारेवर धरलं.

"जेवलो गं. बबनला इचार."

बबन मान हलवतो, जेवले. आणि झोपायच्या आधी मशीनवर बघितलं तर साखर आभाळाला भिडलेली!

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नात बुंदी होती. आचाऱ्याच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? मी बोलत सुटले, तोंड आवरलं नाही मला. हे एवढंच म्हणाले, "मंदे, आईची शप्पत, न्हाई खाल्ली." मी म्हटलं, गेलेल्या सासूबाईंना कशाला मध्ये आणता.

२ डिसेंबर

गुळाचा डबा, साखरेची बरणी, दोन्ही कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. हे बघतात आणि मान फिरवतात.

संध्याकाळी उलटी. दुपारची नाचणी.

मेथ्या चालूच.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल दत्तजयंती झाली, आज सप्ताहाचा काला. गावचा महाप्रसाद ह्यांच्याच हातचा असतो. सकाळपासून देवळामागं चुलाण पेटलेलं. घरोघरच्या भाकऱ्या येत होत्या, मी बायकांत बसून टोपल्यांत त्या रचत होते. तिथून काहील दिसत होती. हे आमटीवर वाकले, डोळे मिटून वास घेतला, उभे राहिले. मीठ टाकलं. पुन्हा वाकले. थांबले. मग पुन्हा ओंजळ भरली. बबन काहीतरी सांगायला गेला, त्याला हातानं बाजूला सारलं. मला तेव्हाच कसंसं झालं. उठून जावं वाटलं, पण चारचौघांत बायकोनं जाऊन काय सांगायचं?

नैवेद्य झाला, पंगत बसली. आमटीच्या पंगतीला केवढा गलका असतो, भुरके काय, "इकडं वाढा" काय. आज काही नाही. माना खाली घालून माणसं गिळत होती. प्रसाद टाकायचा नसतो. कुणी लापशीबरोबर खाल्ली, कुणी भातात कालवली. पाण्याचे जार मात्र बघता बघता रिकामे झाले. शेवटी एक म्हातारबा म्हणाले, "तात्या, आज गावात समुद्र आणला राव तुमी!" सगळे हसले. हेही हसले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

भांडी घासायला काढली तरी हे दिसेनात. देवळामागं पालथ्या पातेल्यांजवळ बसले होते. मी शेजारी बसले.

मग हे म्हणाले, "वास येतो गं मला. जिरं, खोबरं, लसूण, समदं कळतंय. पण खाली काय हालत न्हाई. तोंड कोरडं. पोट मेल्यागत झालंय."

 बुंदीचं भांडण डोक्यातून गेलं ते गेलंच.

९ डिसेंबर

मंचर. मोठ्या डॉक्टरीणबाई. नेहमीचे डॉक्टर औषधाची गोळी बदलून द्यायचे, बाईंनी आधी प्रश्न विचारले. रात्रीचं सकाळी पडतं का? दोन घासांत पोट भरतं का? जेवून उठल्यावर साखर पडते का? जणू आमच्या घरात राहून गेल्यात.

मग ह्यांना झोपवलं, दोन्ही हातांनी कमरेला धरून जरा हलवलं आणि नळ्या माझ्या कानात दिल्या. "ऐका तुम्हीच." आत पाणी डचमळत होतं, अर्ध्या भरलेल्या हंड्यासारखं.

"सकाळपासून काय दिलंत?"

"काही नाही. उपाशीच आणलंय."

"मग हे पाणी कुठलं?"

 परवा दुर्बीण घालून बघणार.

११ डिसेंबर

सगळं लिहून ठेवते, उद्या विसरेन.

रात्रभर उपाशी ठेवलं होतं. तरी पडद्यावर पोटात अन्न दिसलं. आणि एक गोळा. मळकट हिरवा, लिंबाएवढा असेल. बाईंनी चिमट्यानं फोडला तर चिकट चोथा. "काय देता ह्यांना?" मी म्हटलं मेथ्या, शेवगा, सालीचे मूग. सांगताना आवाज बारीक होत गेला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चांगल्या पोटाला चांगलंच आहे हो ते. पण ह्यांचं पोट पुढं ढकलत नाही. त्यात तुम्ही रोज चोथा भरत गेलात." सगळा फोडून घेतला, म्हणाल्या आता हळूहळू जाईल खाली.

ढकलत का नाही? तर मेंदूपासून पोटापर्यंत एक नस येते. अन्नाचा वास आला की तीच तोंडाला सांगते पाणी सोड, पोटाला सांगते तयार राहा. अन्न आलं की पोट ते घुसळतं, बारीक करतं आणि थोडं थोडं आतड्यात सोडतं. किती सोडायचं, कधी थांबायचं, हेही आतडं उलट कळवत असतं. आपल्याला पत्ता नसतो, आत रात्रंदिवस निरोप चालू असतात. इतक्या वर्षांच्या साखरेनं ह्यांची ती नस खाल्ली. पोट नुसती पिशवी झालंय. सुई वेळेवर काम करते, अन्न मात्र वरच बसून राहतं, म्हणून जेवूनसुद्धा साखर पडते. मग कधीतरी अवेळी अन्न उतरतं आणि साखर चढते.

म्हणजे बुंदी खाल्लीच नव्हती.

मला तिथंच लाज वाटली. हे स्ट्रेचरवर गुंगीत होते, बरं झालं.

नस परत येईल का, विचारलं. बाई म्हणाल्या, "जी आहे ती टिकवायची." मग मला दाराबाहेर नेलं. "हीच नस पुढं छातीलाही जाते. हृदयाला काही झालं तरी ह्यांना दुखेलच असं नाही. आणि साखर पडताना आता घाम येतो, हात थरथरतात, ते कळतं तरी. पुढं तेही बंद होऊ शकतं. ह्यांचं शरीर सांगायचं थांबेल. तेव्हा तुम्ही बघायचं."

कशाकडं बघायचं, ते विचारायला हवं होतं. घरी आल्यावर सुचलं.

१३ डिसेंबर

कमरेची किल्ली काढली. डबे परत फळीवर, ह्यांच्या डोळ्यांदेखत. "चुकलं माझं" असं म्हणणार होते, तर हेच म्हणाले, "गूळ पुढं ठिव, साखर पडली तर घावला पायजेल." एवढंच. मोठ्या मनाचा माणूस, पण कधीकधी मोठ्या मनाचाही राग येतो. भांडले असते तर हलकं वाटलं असतं.

मेथ्यांचा डबा शेजारी देऊन टाकला.

२२ डिसेंबर

आता असं: तांदळाची पेज, मुगाचं गाळलेलं पाणी, मऊ भात-ताक, शिजवून कुस्करलेला भोपळा. थोडं थोडं, दिवसभर. चोथा नाही, साल नाही, तेल-तूप जवळजवळ नाहीच. सुई आधी नाही. खाल्लेलं टिकतंय असं दिसलं की मग, तीही कमी. जेवून आडवं व्हायचं नाही, अंगणात फेऱ्या. मोटारसायकल बंद. उपास बंद. एकटं कुठं जायचं नाही.

"आख्ख्या तालुक्याला मासवडी खाऊ घातली, अन् मला हे बाळाचं खाणं."

"अंगणवाडीतली पोरं तरी गुमान खायची," मी म्हटलं.

उलट्या कमी झाल्यात, खरं सांगायचं तर. पण सकाळी हे कूस बदलतात तेव्हा मला ऐकू येतं. डचमळ. आधी ह्यांचं पोट केवढं गुरगुरायचं, नवीन लग्न झालं तेव्हा हसू यायचं मला त्याचं. आता नुसतं पाणी हलतं.

४ जानेवारी

काल्यापासून ह्यांनी चूल पेटवली नाही. चहासुद्धा मागत नाहीत. लग्नाचं बोलावणं आलं की बबनचं नाव सांगतात. अंगणात खाट टाकून बसतात आणि कुणाकडं फोडणी पडली की मान वर करतात. वास घेतात. थांबतात. मग मान खाली.



१४ जानेवारी, संक्रांत

आज घाम आला नाही.

मी तीळ भाजत होते, हे माझ्यासमोर कोथिंबीर निवडत बसलेले. बोलत होते नीट. मग म्हणाले, "तिकडची पंगत ऱ्हायली, वाढा." मला वाटलं चेष्टा. पुन्हा म्हणाले, "भात संपला का रं?" आणि कोथिंबिरीच्या काड्या एकेक करून माझ्या ताटात वाढायला लागले. हात धरला तर गार, कोरडा. कपाळ कोरडं. थरथर नाही, काही नाही. मशीन लावलं. आकडा कधी नव्हता एवढा खाली.

साखरपाणी पाजलं. ते तरी पोटातून खाली उतरायला हवं ना! घड्याळाकडं बघायची हिंमत होईना. गालाला गूळ चोळला, पाठ चोळली, नाव विचारत राहिले. "तुमचं नाव काय? नाव सांगा." शेवटी म्हणाले, "येडी का खुळी, नवऱ्याचं नाव इचारती." तेव्हा रडले मी.

बाई म्हणाल्या होत्या शरीर सांगायचं थांबेल. इतक्यात थांबेल असं वाटलं नव्हतं.

२८ जानेवारी

घाटघरच्या माणसानं जुन्नरला उतरून फोन केला. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तिथं भंडारा असतो. ह्यांचे वडील करायचे, मग हे. तिथला माणूस फोनवर एवढा मोठ्यानं बोलतो की मला चुलीपाशी ऐकू येत होतं. "तात्या, तुमच्याबिगर आमटी न्हाई. आमी लाकडं फोडाया घेतली."

बबनचं नाव सांगतील असं वाटलं मला. हे म्हणाले, "येतो."

१ फेब्रुवारी

सागर आला, भांडून गेला. "आई, तिथं फोनला रेंज नाही. दवाखाना खाली जुन्नरला. काही झालं तर?" खरं आहे त्याचं. बाईंना फोन लावला, त्याही म्हणाल्या, दवाखान्यापासून लांब नका नेऊ.

हे ऐकत बसलेले. सगळे गप्प झाल्यावर म्हणाले, "गावानं माझ्या हातचं शेवटचं काय खाल्लं? खारट. तेवढंच ऱ्हाईल का मागं?"

सागर म्हणाला, "मग बबनकाका मोजून घालतील मीठ. नाहीतर तुम्ही चाखा. देव काही रागावणार नाही."

"देव न्हाई रागवायचा. पण मंग मी आचारी कशाचा?"

मला राग आला, खूप आला. जीव मोठा का मीठ? पण हेही दिसतंय ना की दोन महिने माणूस खाटेवर बसून विझत चाललाय. नको म्हटलं तर इथं संपेल, हो म्हटलं तर तिथं. कुठलं बरं, हे सागरला समजावता येत नाही. त्याचं वय नाही ते.

४ फेब्रुवारी

मीच म्हटलं. रात्रीची पेज देताना सहज बोलून गेले.

"मी येते. चुलाणापाशी उभी राहते तुमच्या शेजारी. वास मी घेते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं की सांगते, थांबा. जीभ लावायची नाही, म्हणजे तुमचा नेम मोडत नाही."

ह्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "भरल्या पोटी येऊ नको मातर."

कितीतरी दिवसांनी हसले. सागरला कळवलं. त्यानं फोनच ठेवून दिला.

९ फेब्रुवारी

रंगीत तालीम. घरात लहान पातेल्यात आमटी. हे मीठ टाकतात, मी वाकते. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्या चिमटीला जिभेखाली झरा फुटला, पोट गुरगुरलं. "थांबा!" नैवेद्य दाखवला, चाखलं. बरोब्बर! बबन तर उडालाच, "वहिनी, तुमी तर तात्यांच्या वरताण!" हे म्हणाले, "आमच्याच घरातलं पोट हाय ते."

इतका आनंद झाला की मी दोन वाट्या प्यायले.

१५ फेब्रुवारी, शिवरात्र, घाटघर

पोचलो. टेम्पो घाटानं हळू आणला बबननं. ह्यांनी पहिल्यांदाच शिवरात्र सोडली, तांदळाची पेज घेतली. देवाला हात जोडून म्हणाले, "औषध म्हणून घेतो." पिशवीत मशीन, सुया, साखर, गूळ, सगळं दोन-दोन. रेंज नाही, सागर म्हणाला तसंच. थंडी आहे. लोक येऊन पाया पडून जातात, "तात्या, वाळले की हो तुमी!" हे म्हणतात, "पोटाचं ऑप्रेशन केलंय बायकोनं."

चुलाणाचा चर खणून झालाय, लाकडं रचलीत. जीवधन किल्ल्याकडून वारा येतोय, उद्या जाळ नीट धरला पाहिजे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दगडावर बसून लिहितेय, चुलाणापासून हाताच्या अंतरावर. हे माझ्या खांद्याला टेकून बसलेत. मशीन पुन्हा लावायची वाट बघतेय, तेवढ्यात पेन धरलंय.

सकाळी पेज घेतली. टिकली, उलटी नाही. वाट बघून मग सुई दिली, कमीच दिली. बाईंनी सांगितलं तसंच सगळं. चढत्या उन्हाला आमटी उकळली. हे काहिलीपाशी उभे, अंगात काय ताकद आली होती. बबनला शिव्या, लाकूडवाल्याला शिव्या. खोबरं-खसखशीचं वाटण पडलं, वास सगळ्या माळावर पसरला. मग मला हाक मारली, "मंदे, ये."

पहिली ओंजळ टाकली. मी वाकले. वाफ तोंडावर आली. वास आला, सगळा आला, जिरं, लसूण, तीळ. "सुटलं का?" नाही. तोंड लाकडासारखं कोरडं. पोटातही काही हाललं नाही. कसं सुटेल? माझं लक्ष आमटीकडं नव्हतंच. मी ह्यांच्या कपाळाकडं बघत होते. जाळाच्या धगीनं बबन निथळत होता, माझं पातळ पाठीला चिकटलं होतं. ह्यांचं कपाळ कोरडं.

"मंदे, सांग की. सुटलं का?"

"अजून थोडं," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून. ह्यांनी टाकलं.

"आता?"

"बरोबर आहे. थांबा." आणि हात धरला. गार.

नैवेद्याचं ताट देवळात गेलं. ह्यांना इथं आणून बसवलं. मशीन लावलं, आकडा खाली. साखरपाणी पाजलं, सगळं प्यायले, शहाण्यासारखं. पण कुशीला कान लावला तर डचमळतंय. सकाळची पेजही तिथंच असणार. पुन्हा मशीन लावलं, आणखी खाली. गालाला गूळ चोळतेय. टेम्पो भाकऱ्या गोळा करायला गेलाय, म्हणून बबन खालच्या वाडीत पळालाय, जीप आणायला. बाकी कुणाला कळलंसुद्धा नाही, लोकांना वाटतंय तात्या दमून टेकलेत.

"तुमचं नाव सांगा."

"पंगत बसली का?"

"बसतेय. नाव सांगा आधी."

"वाढा मंग."

घंटा वाजली. नैवेद्य झाला, आता चाखायला हरकत नाही. एक जण वाटीत आमटी घेऊन आला, "तात्या, बघा कशी झालीया." ह्यांनी वाटी घेतली नाही, माझ्याकडं बोट केलं. मी घोट घेतला. काही कळेना. खारट आहे का आळणी, काहीच लागेना जिभेला. गरम, एवढंच कळलं.

"मीठ?"

"एक नंबर झालीय," मी म्हटलं.

हे हसले आणि डोळे मिटले. नाव विचारतेय मी. पंगतीत वाढायला सुरुवात झाली, कुणीतरी पहिला घास घेतला असेल, मला तिकडं बघवत नाही. कपाळ पुसायला पदर नेला तर अजून कोरडंच. जीपचा आवाज आल्यासारखा वाटतो, वारा पण असेल.